खडकावर निजलेला पूर्वज : ठाण्याच्या शिलाहारांचा जीमूतवाहन

#थ्रेड

१/
अंबरनाथच्या शिवालयावर मी लिहिलेल्या मागच्या धाग्याखाली एका वाचकाने विचारले होते : "शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. मग हा जीमूतवाहन ठाण्यावर नेमका कधी राज्य करीत होता?" प्रश्नाखाली लगेच दोन तट पडले. एका तटाने जीमूतवाहनाला इसवी सनापूर्वीचे एक शतक बहाल केले. दुसऱ्याने "सगळ्या भाकडकथा, सोडून द्या" असा निकाल दिला. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात, म्हणून हा धागा. थोडा लांबला आहे. सवडीने वाचा.

२/
उत्तर आधीच सांगते. जीमूतवाहन ठाण्यावर कधीही राज्य करीत नव्हता. तो कथेतला राजपुत्र आहे. आणि तरीही ठाण्याच्या इतिहासातून त्याला वगळता येत नाही, कारण श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे, ज्यांची राजधानी होती त्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दानपत्रांच्या आरंभी त्याचे नाव तांब्यावर कोरून घेतले. दंतकथेतला राजा त्याच्या मानलेल्या काळाविषयी काही सांगत नाही. त्याचे नाव ज्यांनी कोरले त्यांच्या काळाविषयी मात्र तो पुष्कळ सांगतो. माझे सगळे म्हणणे एवढ्याभोवतीच फिरते.

३/
प्रथम कथा.

विद्याधरांचा राजा जीमूतकेतू. त्याचा पुत्र जीमूतवाहन. घरात इच्छा पुरवणारा कल्पवृक्ष. तो त्याने जगाचे दारिद्र्य दूर व्हावे म्हणून देऊन टाकला. भाऊबंद राज्यावर टपले आहेत असे दिसताच राज्यही सोडले आणि आईवडिलांना घेऊन मलय पर्वतावर राहायला गेला. तिथे सिद्धांची राजकन्या मलयवती हिच्याशी त्याचा विवाह झाला. इथपर्यंत ही एखाद्या सुखान्त नाटकाची गोष्ट आहे.

४/
मग एके दिवशी फिरताना त्याला पांढराशुभ्र डोंगर दिसतो. जवळ गेल्यावर कळते, ती हाडे आहेत. नागांची. गरुडाने सगळ्यांना एकदम संपवू नये म्हणून नागराजाने त्याच्याशी करार केला होता : रोज एक नाग, ठरलेल्या खडकावर. त्या दिवशीची पाळी शंखचूडाची होती. शेजारी त्याची म्हातारी आई आक्रोश करीत होती, कारण तो तिचा एकुलता एक. जीमूतवाहनाने वध्याची लाल वस्त्रे स्वतःच्या अंगावर ओढली आणि तो त्या खडकावर जाऊन निजला. गरुडाने त्याला उचलले, फाडायला सुरुवात केली, आणि हा मनुष्य विव्हळत का नाही म्हणून थबकला. पुढे गरुडाला पश्चात्ताप, जीमूतवाहनाला पुन्हा जीवन, अमृताच्या वर्षावाने हाडांच्या ढिगातून उठलेले नाग.

५/
या कथेवर सम्राट हर्षवर्धनाच्या नावे असलेले 'नागानंद' हे संस्कृत नाटक आहे, म्हणजे सातवे शतक. त्याची नांदी बुद्धाला उद्देशून आहे आणि शेवटी नायकाला जिवंत करते ती गौरी. धर्माच्या कप्प्यांची ज्यांना फार काळजी असते त्यांनी हे नाटक अवश्य वाचावे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त हीच कथा सांगितली. ती वेताळाच्या पंचवीस कथांतही आहे. तेव्हा जीमूतवाहन ही कुणा एका घराण्याची खासगी मालमत्ता नव्हती. साऱ्या भारतखंडात फिरणारी ती कथा होती. प्रश्न हा की कोकणच्या राजांनी आपला मूळपुरुष म्हणून नेमका हाच का निवडला?

६/
आता तांब्याकडे येऊ. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात (जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे) पाया खोदताना एक ताम्रपट सापडला. राजा अरिकेसरी, शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७. रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावून दिला, जनरल कार्नॅक यांनी तो कलकत्त्याला पाठवला आणि 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये, त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. भारतीय कोरीव लेखांच्या अभ्यासाचे ते बालपण होते. त्या बाल्यात ठाण्याचा हा पत्रा हजर आहे, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. तलावांची संख्या मात्र प्रत्येकजण सांगतो.

७/
त्या पत्र्यात देवतावंदनानंतर लगेच जीमूतवाहन येतो. आशय असा : जीमूतकेतूचा हा दयाळू पुत्र तिन्ही लोकांत प्रसिद्ध आहे, स्वतःचा देह गवताच्या काडीसारखा लेखून त्याने दुसऱ्यासाठी शंखचूडाला गरुडापासून वाचवले. मग त्याच्या वंशात कपर्दी, मग पुल्लशक्ती, मग पुढचे राजे अशी साखळी. कपर्दी हा इतिहासातला माणूस आहे. कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातले जे लेख आहेत, त्यांत पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी भेटतात, तेही राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे सामंत म्हणून. पण जीमूतवाहन आणि पहिला कपर्दी यांच्यामध्ये किती पिढ्या, किती वर्षे, याबद्दल पत्रा काही बोलत नाही. कथेतून इतिहासात तो एका श्लोकाच्या अंतरावर उतरतो.

८/
ही उडी सगळ्या शिलाहारांनी मारली आहे. उत्तर कोकणचे, दक्षिण कोकणचे आणि कोल्हापूरचे अशी त्यांची तीन घराणी. दक्षिण कोकणच्या रट्टराजाचा खारेपाटणचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा. त्यातही विद्याधरांचा स्वामी जीमूतवाहन आहेच. तिघेही स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तेरवर प्रत्यक्ष राज्य करताना मात्र यांतले कुणी दिसत नाही. एक पूर्वज कथेतला, एक गाव आठवणीतले. या दोहोंवर तिन्ही घराण्यांचा कुलाभिमान उभा आहे.

९/
शिलाहार या नावाची फोड 'शिलेवरचा आहार' अशी करतात. खडकावर गरुडाचा आहार झालेल्याचे वंशज ते शिलाहार. फोड सुंदर आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. जुन्या लेखांत हे नाव सिलार, शिलार अशा रूपांतही येते. त्यांत आहारही नाही आणि गरुडही नाही. मला वाटते, नाव आधीचे आहे. कुणा विद्वान सभापंडिताने त्या देशी नावाला संस्कृत वेष चढवला आणि त्या वेषाला शोभेल अशी कथा शोधली. तगरपुराचे बिरुद, वप्पुवन्नासारखी राजनामे, बिरुदांतले कन्नड शब्द यांवरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी हे घराणे मूळचे कन्नड मुलखाकडचे मानले आहे. शिलाहारांचे कोरीव लेख एका खंडात गोळा करून देण्याचे अवघड काम मिराशींनीच केले. या विषयावर त्यांचा मराठी ग्रंथही आहे. ज्यांना खरोखर खोल जायचे असेल त्यांनी व्हिडिओ सोडून तो उघडावा.

१०/
आता काळ पाहा. कान्हेरीचे नवव्या शतकातले लेख आटोपशीर आहेत. दानपत्रांतली लांबलचक वंशावळ त्यांत नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे मोठे ताम्रपट सुरू होतात ते अपराजित राजापासून, इ.स. ९९३ आणि ९९७ मध्ये. त्याआधी, ९७३ मध्ये, काय घडले होते? चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे साम्राज्य उलथवले होते. ज्यांच्या कृपेने शिलाहार कोकणात बसले, ते धनीच नाहीसे झाले. अपराजिताचा भादाणे येथील ९९७चा ताम्रपट लोणाडच्या सूर्यमंदिराला दिलेल्या दानाचा आहे. (लोणाड म्हणजे आपल्या भिवंडीजवळचे.) त्यात राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ देऊन त्यांच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. नव्या धन्याचे, तैलपाचे, स्वामित्व मात्र मान्य केलेले नाही.

११/
सामंताला पूर्वजाची फारशी गरज नसते. 'अमुक सम्राटाच्या प्रसादाने' एवढे त्याला पुरते. सम्राट गेल्यावर मात्र 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला स्वतःचे उत्तर लागते. दहाव्या शतकाच्या अखेरीस शिलाहारांना ते उत्तर जीमूतवाहनात सापडले, किंवा आधीपासून घरात असलेले उत्तर त्यांनी आता मोठ्याने द्यायला सुरुवात केली. पुरावा एवढेच म्हणू देतो. पण सामंतशाही ते स्वाभिमान हा प्रवास आणि या वंशावळीचा विस्तार एकाच सुमारास दिसतो, तो योगायोग आहे असे मला वाटत नाही.

१२/
एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिलाहारांच्या बिरुदांत 'सुवर्णगरुडध्वज' आहे. ज्या गरुडाने पूर्वजाला फाडले तोच ध्वजावर! गरुड ही राष्ट्रकूटांचीही राजखूण होती, तेव्हा ती धन्याकडून आली असावी. पण कथेचा शेवट आठवा. गरुड पस्तावतो आणि जीमूतवाहनापुढे नम्र होतो. ज्याचे चिन्ह मिरवायचे त्यालाच कथेत आपल्या पूर्वजापुढे वाकवायचे, ही युक्ती एखाद्या सभाकवीला नक्की सुचली असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. खाली वाद घालायला मोकळीक आहे.

१३/
जीमूतवाहनाला साल बहाल करणाऱ्या तटासाठी एक शेजारचे उदाहरण. शेजार थोडा लांबचा आहे : ग्रीस. (अगदीच परका नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये आपले कल्याण आहे आणि ते तगरही आहे.) पॅरोस बेटावर इ.स.पू. २६४-६३ मध्ये एक संगमरवरी कालपट कोरला गेला. त्यात अथेन्सचा पहिला राजा केक्रॉप्स याला चक्क साल दिले आहे. आपल्या हिशेबाने ते इ.स.पू. १५८१च्या आसपास येते. हा केक्रॉप्स कमरेखाली साप होता असे तेच ग्रीक सांगत. अर्ध्या सापाला वर्षासकट कालपटात बसवण्याचा मोह त्यांना आवरला नाही. तेव्हा आपल्याकडच्या उत्साही मंडळींवर मी फार रागावत नाही.

१४/
पण माझ्या कामाचा ग्रीक राजा दुसरा : कोड्रस, दंतकथेतला अथेन्सचा शेवटचा राजा. पेलोपोनीजमधून सैन्य चालून आले. डेल्फीच्या दैवी कौलानुसार, अथेन्सच्या राजाला धक्का लागला नाही तर शत्रू शहर घेणार होता. ही बातमी शहरात पोचली. कोड्रसने भिकाऱ्याचे कपडे घातले, काटक्या गोळा करण्याच्या निमित्ताने वेशीबाहेर गेला, समोर आलेल्या दोघा शत्रूंपैकी एकाला कोयत्याने मारले आणि दुसऱ्याच्या हातून मारला गेला. राजा पडल्याचे कळताच शत्रू माघारी वळला.

लाल वस्त्रे पांघरून खडकावर निजलेला राजपुत्र आणि फाटके कपडे घालून वेशीबाहेर पडलेला राजा. दोघेही दुसऱ्याचा वेष घेऊन मरायला जातात. एकाने कथा दुसऱ्याकडून घेतली असे मी सुचवत नाही, कृपया तसे वाचू नका. मला त्यांच्या उपयोगातला फरक दाखवायचा आहे.

१५/
अथेन्समध्ये पुढे परंपरा अशी झाली की कोड्रसनंतर राजपदाला लायक कुणी उरला नाही, म्हणून राजेशाहीच थांबली आणि आर्कोन नावाचे अधिकारी आले. म्हणजे आत्मत्यागी राजा त्यांनी राजेशाहीच्या शेवटी ठेवला. आपल्याकडे तो आरंभी ठेवला. तिथे तो सिंहासन रिकामे ठेवण्याचे कारण झाला, इथे सिंहासनावर बसण्याचे. कथेचे बीज सारखे, पण ती कुठे रोवायची हे जिवंत माणसे ठरवतात, आपापल्या गरजेप्रमाणे. अर्थात अथेन्सचे थोर लोकही कमी नव्हते : सोलोन आणि प्लेटो यांच्या कुळांचा माग कोड्रसपर्यंत नेला जाई.

१६/
कोड्रसची ही हकिगत आपल्याला तपशिलाने कुठे मिळते माहीत आहे? एका खटल्यातल्या भाषणात. इ.स.पू. ३३८ मध्ये कैरोनियाच्या लढाईत अथेन्स हरले, तेव्हा लिओक्रेटिस नावाचा नागरिक शहर सोडून पळाला. काही वर्षांनी तो परतल्यावर लायकर्गस या राजकारण्याने त्याच्यावर देशद्रोहाचा खटला भरला आणि न्यायसभेपुढे कोड्रस उभा केला : आपले राजे शहरासाठी मरत, हा बघा पळपुटा. कोड्रस कधी जगला की नाही, हे या भाषणावरून कळत नाही. हरलेल्या अथेन्सला त्याची किती गरज पडली, ते कळते.

१७/
आणि हा पुरावा मला सर्वांत आवडतो. इ.स.पू. ४१८-१७चा अथेन्सचा एक शिलालेख आहे. त्यात कोड्रस, नेलेउस आणि बासिले यांच्या देवस्थानाची जमीन खंडाने द्यायचा ठराव आहे. खंडकऱ्याने किमान २०० ऑलिव्हची झाडे लावावीत अशी अट आहे. शहरासाठी प्राण देणारा राजा इथे जमिनीच्या कागदात येऊन बसला आहे.

आपला जीमूतवाहनही जमिनीच्याच कागदात बसलेला आहे. ताम्रपट म्हणजे शेवटी काय? अमुक गाव, अमुक चतुःसीमा, त्यातले उत्पन्न यापुढे अमुकाला. आज ज्याला आपण सातबारा, खरेदीखत, बक्षीसपत्र म्हणतो त्या जातीचा तो दस्तऐवज. त्याच्या माथ्यावर महाकाव्यातला त्याग.

१८/
इथे माझा मुद्दा थोडा कडू होतो. जीमूतवाहनाने स्वतःचा देह दिला. त्याच्या म्हणवणाऱ्या वंशजांनी गावाचे उत्पन्न दिले. ते उत्पन्न भात लावणाऱ्या, मीठ पिकवणाऱ्या, होड्या चालवणाऱ्या माणसांच्या घामाचे होते आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. दान घेणारा बहुधा ब्राह्मण किंवा देवालय. मधल्यामध्ये दात्याच्या शिरी पुण्य. शिलाहारांचे एक बिरुद त्यागात जगाला मागे टाकणारा अशा अर्थाचे आहे. मूळपुरुष म्हणून शूर विजेता न निवडता सर्वस्व देणारा का निवडला, याचे उत्तर मला इथे दिसते. दानपत्राला दाता पूर्वज हवा असतो. रामाचा वंश सांगितला असता तर पराक्रम मिळाला असता. जीमूतवाहनाचा सांगितल्याने प्रत्येक दान हा जणू कुलधर्म ठरला.

१९/
याचा अर्थ ते ढोंगी होते असा काढू नका. अपरादित्य पहिला हा बाराव्या शतकातला राजा विद्वान होता. याज्ञवल्क्य स्मृतीवरची 'अपरार्क' ही टीका त्याची, आणि तिच्या समाप्तीतही तो स्वतःला विद्याधर वंशातला, जीमूतवाहनाच्या कुळात जन्मलेला म्हणवतो. त्याने तेजकंठ नावाचा आपला दूत काश्मीरला पाठवला होता. मंखाच्या 'श्रीकंठचरित' या काव्यात तिथल्या विद्वत्सभेत तो दिसतो. सोमदेवाने जीमूतवाहनाची कथा लिहिली ते काश्मीर हेच. तेजकंठाने तिथे कुणाला 'आमच्या राजाचा पूर्वज तुमच्या पोथीत आहे' असे म्हटले असेल का? मला असल्या निरर्थक कल्पना फार सुचतात.

२०/
परत श्लोकाकडे. त्यात जीमूतवाहन आहे, जीमूतकेतू आहे, गरुड आहे, शंखचूडही आहे. कोण नाही? शंखचूडाची आई. नाटकात जिच्या रडण्याने सगळे घडते, ती तांब्यावर येताना गळून गेली. देणारा राहिला, वाचलेला राहिला, जिच्यासाठी वाचवले ती राहिली नाही. एका श्लोकात सगळे मावत नाही हे खरे. पण काय गाळायचे हे कुणीतरी ठरवते.

२१/
शिलाहारांच्या राज्यातल्या दगडांवर आई येते, पण वेगळ्या रीतीने. गधेगाळ तुम्ही पाहिले असतील : वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. हे दान जो मोडील त्याच्या आईवर असा प्रसंग येवो, हा त्याचा अर्थ. दुसऱ्या अपरादित्याच्या काळचा परळचा शिलालेख शके ११०८चा, म्हणजे इ.स. ११८७चा. लेख संस्कृतात, पण ही शापवाणी मराठीत. आपल्या भाषेच्या आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. पूर्वजाची थोरवी सांगायला देवभाषा. गावकऱ्याला धमकवायला गावची भाषा. संस्कृतातली आई पुसली गेली आणि मराठीतल्या आईला ओलीस धरले. हे दोन्ही एकाच राज्यातले आहे, हे विसरून 'शिलाहारांचा सुवर्णकाळ' लिहिणे मला जमत नाही.

२२/
आता शेवटचा भाग, आणि खरे तर हा धागा लिहिण्याचे निमित्त.

मी वर्तकनगरला राहते. म्हाडाची जुनी वसाहत, खिडकीतून येऊरचा डोंगर, खाली पुनर्विकासाचे पत्रे. आमच्या मजल्यावर बिहारमधल्या सिवानकडचे एक कुटुंब पंधरा-सोळा वर्षांपासून आहे. गेल्या वर्षी पितृपक्षात एका संध्याकाळी त्या घरातल्या काकींना वाटीभर साखर परत करायला गेले, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा उतरलेला. निर्जळी उपास होता. कसला म्हणून विचारले. "जितिया. मुलांसाठी करतात."

२३/
जितिया म्हणजे जीवित्पुत्रिका व्रत. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, झारखंड आणि नेपाळच्या तराईत आया ते करतात. त्यांच्या पंचांगाने आश्विन कृष्ण अष्टमी, आपल्या पंचांगाने भाद्रपद वद्य अष्टमी. आदल्या दिवशी मडुआची भाकरी आणि नोनीची भाजी. म्हणजे आपली नाचणी आणि आपली घोळ. गळ्यात जिउतियाचा धागा. संध्याकाळी कथा. एक कथा घार आणि कोल्हीण यांची. आणि दुसरी?

काकी सांगू लागल्या : एक राजा होता, त्याने राज्य सोडले, वनात एक म्हातारी रडत होती, तिच्या मुलाची पाळी होती. मी साखरेची वाटी हातात धरून उभी. व्रताच्या देवाचे नाव त्यांनी घेतले, ते जीमूतवाहन.

२४/
दोन वर्षे इतिहासाची पदव्युत्तर पदवी करताना मी हे नाव ताम्रपटाच्या छापील वाचनांतून गिरवत होते. माझ्या आईला ते ठाऊक नाही. आजीलाही नव्हते. ठाण्यातल्या मराठी घरांत ही कथा सांगितली जाताना मी कधी ऐकली नाही. ज्या राजांचा अभिमान आम्ही भाषणांत आणि कमानींवर मिरवतो, त्यांचा मूळपुरुष आमच्या स्मरणातून गेला, आणि तो जिवंत राहिला तो ज्यांना अधूनमधून 'बाहेरचे' म्हटले जाते त्यांच्या उपासात. त्यांनी तो शिलाहारांकडून घेतलेला नाही. त्यांच्याकडे तो स्वतंत्र वाटेने पोचला. पण आज ठाण्यात जीमूतवाहनाला कुणी हाक मारत असेल तर ती मैथिलीत आणि भोजपुरीत.

२५/
माझ्या ओळखीच्या काही मुलांना हे सांगितले तर ती खट्टू झाली. "पण आपले शिलाहार वेगळे." वेगळे कसे? कन्नड बिरुदे घेऊन तेरची आठवण सांगत, राष्ट्रकूटांच्या पाठबळावर ते इथे आले. पूर्वज त्यांनी संस्कृत कथेतून आणला, दूत काश्मीरला धाडला. लाट देशातला सोड्ढल त्यांच्या आश्रयाला राहिला आणि त्याने 'उदयसुंदरीकथा' लिहिली. त्यांच्या पदरी मराठी वाढली, हेही तितकेच खरे. श्रीस्थानक हे असेच, येणाऱ्याजाणाऱ्यांचे बंदर होते. १०१७च्या ठाण्यात 'मूळचे कोण' हा प्रश्न कुणी विचारला असता, तर पहिला उत्तरदायी राजाच ठरला असता.

२६/
म्हणून मूळ प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला : जीमूतवाहनाला साल देऊ नका, आणि कचऱ्यातही टाकू नका. शाळेच्या सहलीला अंबरनाथला नेतात तेव्हा मुलांना देवळाचे वर्ष, १०६०, सांगतात. सोबत हेही सांगता येईल की देऊळ पुरे झाले तेव्हा राज्य करणारा मुम्मुणी स्वतःला कुणाचा वंशज म्हणवत होता, तसे म्हणवून घेणे त्याच्या घराण्याला का सोयीचे होते, आणि कथेतले कोण त्याने पत्र्यावर घेतले नाही. दहावीच्या मुलाला हे सहज कळते. मी एकदा सांगून पाहिले आहे.

२७/
त्या संध्याकाळी काकींना मी सांगितले की तुमची ही कथा हजार वर्षांपूर्वी इथल्या राजाने तांब्यावर कोरली होती, आणि तो पत्रा आपल्या जेलच्या किल्ल्यात सापडला. त्यांना नवल वाटले. मग त्यांनी विचारले, "त्यात ती म्हातारी आहे ना?"

मी नाही म्हणाले. "मग कथा कशी होते?" एवढे म्हणून त्या उठल्या. यंदाच्या अष्टमीला त्यांच्याकडून पूर्ण कथा, घार-कोल्हिणीसकट, लिहून घ्यायचे ठरले आहे. त्यांची परवानगी मिळाली तर इथे टाकीन.